स्लिप ड्रेसचा पीळ सुटला, आणि लेसचा प्लॅन बदलला

सुटला एकदाचा! ज्यांना मागचं आठवतंय त्यांना कळेल मी कशाबद्दल बोलतेय, तोच तो मोरपंखी मॉडाल सॅटिनचा (मॉडाल म्हणजे रेयॉनसारखं मऊ कापड) बायस कट, म्हणजे कापड तिरकं, उरेब कापून शिवलेला स्लिप ड्रेस, १९३०च्या धाटणीचा, वर वेगळे कप आणि खाली गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट. हँगरवर एकदम सरळ दिसायचा, पण अंगात घालून खोलीत जरा इकडे तिकडे फिरलं की कमरेखाली डावीकडची शिवण पुढे यायची आणि उजवीकडची मागे जायची. उसवून परत टीप मारली, मशीनच्या धाग्याचं टेन्शन कमी केलं, सरळ टिपेऐवजी अगदी बारीक झिगझॅग घातला, खाली चिमटे लावून टांगून ठेवला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही तसंच चाललं होतं.

बायस बिघडला की सगळे एकच सांगतात, शिवताना कापड ताणलं गेलं असेल. इथे शिलाईचा संबंधच नव्हता. गडबड कटिंगच्या लेआउटमध्ये होती, आणि विकत घेतलेल्या पीडीएफ पॅटर्नमध्ये तो तसाच छापलाय, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकेक अख्खा पीस आणि दोन्ही एकाच दिशेला तिरके. आता बघा काय होतं. ४५ अंशात कापलं की पीसची मधली रेघ उभ्या आणि आडव्या दोन्ही धाग्यांपासून सारखीच लांब असते, तिथे काही भांडण नाही. पण साइडची शिवण सरळ खाली येत नाही ना, घेरासाठी ती बाहेर कलते, मग एका बाजूची कड उभ्या धाग्याजवळ जाते आणि दुसऱ्या बाजूची आडव्या धाग्याजवळ. उभा धागा मागावर ताणून बसवलेला असतो त्यामुळे तो सहसा कमी लांबतो, आडवा जास्त. आणि दोन्ही पीस एकाच दिशेचे असले की प्रत्येक साइड सीमला एक कमी लांबणारी कड आणि एक जास्त लांबणारी कड एकमेकींना शिवली जाते, दोन्ही बाजूंना तेच, म्हणून अख्खा स्कर्ट अंगाभोवती एकाच दिशेने वळतो.

मला हे डोळ्यांनी बघायचं होतं म्हणून उरलेल्या तुकड्यांतून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापल्या, एक उभ्या धाग्याकडे कललेली, एक आडव्याकडे, आणि दोन्हींना सारखेच कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर दोरीवर टांगल्या. सकाळी आडव्याकडची पट्टी चांगली बोटभर लांब झालेली! मॉडाल सॅटिनवाल्यांनी हे नक्की करून बघा, आपापल्या कापडावर फरक किती पडतो ते कळेल.

मग उपाय काय, तर आधी वाटलं मागचा पीस आरशासारखा उलटा कापू. त्याने पीळ जातो, पण मग एका बाजूच्या दोन्ही कडा जास्त लांबणाऱ्या येतात आणि स्कर्ट त्या बाजूला खाली लोंबतो. खरा उपाय म्हणजे पुढे आणि मागे मधोमध शिवण, चार पॅनल, डावं-उजवं एकमेकांचं प्रतिबिंब. दोन्ही साइड सीमच्या सगळ्या कडा एकाच धाग्याजवळ, हिशेब बरोबर. आणि अरुंद पॅनल ४४ इंची पन्न्यावर तिरके इतके छान बसतात की कापड उलट कमी लागलं. मादलेन व्हियोने, १९१२ साली पॅरिसमध्ये स्वतःचं फॅशन हाउस काढणाऱ्या, त्या लाकडी छोट्या बाहुलीवर ड्रेप करून बायस ठरवायच्या आणि त्यासाठी नेहमीपेक्षा रुंद कापड विणून घ्यायच्या. मला रुंद पन्ना काही मिळत नाही, पण बाहुलीवर आधी बघायची त्यांची पद्धत मनापासून पटलीये, पुढच्या वेळी मी अर्ध्या मापात मांजरपाटावर आधी करणार.

नव्या पॅनलना फ्रेंच सीम (कापडाच्या कडा आत बंद होतात अशी दुहेरी शिवण) घातली, ऑर्गन कंपनीची ९ नंबरची सुई (सॅटिनला याहून चांगली सुई मी वापरलेली नाही, लोकल पाकिटातल्या सुया दोन शिवणींत धागे ओढायला लागतात). रात्रभर टांगला, घातला, चालले, बसले, उठले. शिवणी जागच्या हलल्या नाहीत!!

एक गोष्ट मात्र नवी कळली. सॅटिनची चमक धाग्याच्या दिशेने फिरते, त्यामुळे खिडकीचा उजेड बाजूने आला की डावं पॅनल गडद आणि उजवं फिकं दिसतं, जणू दोन वेगळ्या ताग्यांतलं. आधी धस्स झालं, पण मग पीस उलटा करून बघितला तर मॅट बाजूने फरक जवळपास दिसतच नाही. म्हणून स्कर्ट मॅट बाजू बाहेर ठेवून परत शिवला, आणि कप, स्ट्रॅप आणि गळ्याची उरेब पट्टी चमकदार बाजूने. १९३०च्या ड्रेसमध्ये सॅटिन बॅक क्रेपच्या (एक बाजू मॅट, दुसरी चमकदार असलेलं कापड) दोन्ही बाजू अशाच खेळवायचे, त्यामुळे हे अजूनच त्या काळातलं वाटायला लागलंय.

स्ट्रॅपचं फार नाही सांगण्यासारखं, लूप टर्नरने (बारीक नळी उलटवायची आकड्याची सळई) पटकन उलटल्या, रिंगा आणि स्लायडर पुण्याच्या बोहरी आळीतून आणले, धातूचेच घ्या.

लेस. पांढरीशुभ्र नायलॉन लेस मोरपंखीवर भडक दिसत होती, कोऱ्या चहात बुडवली तर सुंदर जुनाट मोतिया रंग आला. पॉलिस्टरची लेस मात्र चहात जशीच्या तशी राहते, दुकानदार दोन्हीला नायलॉनच म्हणतो, तेव्हा आधी तुकडा बुडवून बघा. गळ्याच्या व्ही ला लेसचा मायटर, म्हणजे कोपऱ्यातला तिरका जोड, असा जुळला की एक पाच पाकळ्यांचं फूल बरोबर टोकावर बसलंय, काही पाकळ्या डावीकडून, काही उजवीकडून, जोड पाकळ्यांच्या कडेकडेने १ मिमी लांबीच्या झिगझॅगने आणि मागचं कापड कापून टाकलं. जोड शोधावा लागतो! तासभर तेच बघत बसले होते.

खालच्या घेराला पण लेस लावायची ठरली होती, पण आता नको वाटतंय. लेस लांबत नाही, बायस लांबत राहतो, महिन्याभरात सुरकुत्या पडणार. पिकोचा पण विचार सोडला, तिरक्या सॅटिनवर पिकोवाल्याची मशीन कड ताणते आणि ती झालरीसारखी लाटा मारते. साधी हाताची बारीक रोल्ड हेम करते, म्हणजे कड गुंडाळून घातलेली टीप. आणि हे लिहिता लिहिता सुचलं, आता मागे मधोमध शिवण आहेच, तर ती खाली वीतभर उघडी ठेवून तिथे लेसचा त्रिकोणी तुकडा का नाही घालायचा? चालताना उघडेल, ताण पण नाही, आणि लेस वाया जाणार नाही. त्रिकोणाच्या वरच्या टोकाला आतून ऑर्गॅन्झाचा छोटा तुकडा लावावा लागेल, नाहीतर तिथूनच फाटेल.

जुन्या पिळाच्या पीसांतून कॅमिसोल (बारीक पट्ट्यांचा आखूड टॉप) काढतेय, तेवढ्या लांबीला पीळ जाणवत नाही. कोणी बायसमध्ये असा लेसचा त्रिकोण घातलाय का? टोक आधी शिवलं की शेवटी, तेवढं सांगा, त्यानंतरच मी कात्री लावते.