इव्हनसाँगला जायचंय? मग ऑगस्टात जाऊ नका

इंग्लंडच्या चर्चमधली ही संध्याकाळची गायलेली प्रार्थना ऐकायला पहिल्यांदा गेलो तो ऑगस्ट होता आणि तिथेच माती खाल्ली. दादाच्या घरून दोन गाड्या बदलून एका मोठ्या कॅथीड्रलला पोचलो (नाव लिहीत नाही, चूक त्यांची नव्हती, माझीच होती), धापा टाकत साडेपाचला आत शिरलो तर समोर एक पाद्री, सहा म्हातारी माणसं आणि नुसतं वाचन. गाणं नाहीच. मग कळलं की गाणारी पोरं शाळकरी असतात, शाळेला सुट्टी म्हणजे क्वायरला (चर्चच्या गाणाऱ्या मंडळाला) सुट्टी. ऑगस्टात बऱ्याच ठिकाणी बाहेरचे पाहुणे क्वायर येऊन गातात, तेही कधीकधी छान असतात, पण ज्यासाठी आपण गेलो ते हे नाही. ख्रिसमस आणि ईस्टर उरकले की लगेचचे काही दिवस, टर्मच्या मधली सुट्टी, तेव्हाही हीच गत. म्हणून प्रवासाचं तिकीट काढायच्या आधी त्या त्या कॅथीड्रलच्या वेबसाइटवर म्युझिक लिस्ट बघायची. कुठल्या दिवशी कोण गाणार, काय गाणार, सगळं लिहिलेलं असतं. नुसतं 'इव्हनिंग प्रेयर' किंवा 'सेड' (म्हणजे न गाता नुसती म्हटलेली) असं लिहिलं असेल तर त्या दिवशी बाहेर फिरा.

ह्या वेळी मे महिन्यात गेलो, आईला घेऊन. आई कोथरूडच्या एका भजनी मंडळात पंचवीस वर्षं गातेय, तिला म्हटलं चल, इंग्रजांचं भजन ऐकवतो. ती म्हणाली, मला त्यातलं काय कळणार. मी म्हटलं, मलाही कळत नाही.

आधी थोडक्यात सांगतो. इव्हनसाँग म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, साधारण पाऊण तास, बहुतेक सगळी गाऊन. १५४९ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस क्रॅनमरने लॅटिनमधल्या संध्याकाळच्या आणि रात्रीच्या अशा दोन प्रार्थना एकत्र करून इंग्रजीत आणल्या, तेव्हापासूनचा साचा थोड्याफार फरकाने तोच. दोन ठरलेली स्तोत्रं रोज असतात, मॅग्निफिकाट म्हणजे येशूच्या आईचं, मेरीचं, आणि नुंक डिमिटिस म्हणजे बाळ येशूला पाहिलेल्या म्हाताऱ्या सिमियनचं. शब्द रोज तेच पण चाली शेकडो, प्रत्येक पिढीतल्या संगीतकारांनी आपापली बांधलेली. टॅलिस, बर्ड, गिबन्सपासून थेट आजच्या लोकांपर्यंत.

आम्ही सुरुवात केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजपासून केली. नाव सगळ्यांना माहीत असतं त्यामुळे गर्दीही तिथेच. दिवसा चॅपल (कॉलेजचं स्वतःचं चर्च) बघायचं तर तिकीट, इव्हनसाँगला फुकट. फक्त रांगेत लवकर उभं राहा, आम्ही पाऊण तास आधी गेलो तरी पुढे बरेच जण होते. लवकर का, तर आत मधोमध एक काळं लाकडी पार्टिशन आहे, त्याच्यावर ऑर्गन बसवलाय. उशीर केला तर ह्या पार्टिशनच्या अलीकडे बसवतात, ऐकू येतं पण दिसत काहीच नाही. (त्या लाकडावर राजा आठव्या हेन्रीचं आणि त्याच्या राणीचं, ॲन बोलीनचं, अक्षर कोरलंय. पुढे बाईंचं डोकं उडवलं, अक्षर मात्र तसंच राहिलं.) आणि सोमवारी जाणार असाल तर तिथे एरवीचा मुलांचा क्वायर नसतो, कॉलेजातल्या मुलामुलींचा दुसरा क्वायर गातो. वाईट नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

त्या दिवशी हॉवेल्स ह्या संगीतकाराची सर्व्हिस (म्हणजे त्या दोन स्तोत्रांच्या चाली) होती, ह्याच चॅपलसाठी १९४५ मध्ये केलेली. मॅग्निफिकाट बारीक आवाजाच्या पोरांवरच सुरू होतं, खाली पुरुषांचे आवाज नाहीत, आणि आवाज एवढा उंच छतात जाऊन तिथेच राहतो, पुढची ओळ सुरू झाली तरी आधीची अजून वर रेंगाळतेय. दगडी पंख्यासारखं ते छत १५१५ मध्ये पुरं झालं. मला वाटतं हॉवेल्सने माणसांइतकंच त्या छतासाठीही लिहिलं असणार. दुसऱ्या स्तोत्रात एकटा टेनर (उंच पुरुषी आवाजाचा गायक) उभा राहतो, म्हाताऱ्या सिमियनचे शब्द म्हणतो, आता मला जाऊ दे म्हणून. गाणारा जेमतेम वीस वर्षांचा पोरगा. किंग्जमध्ये १६ लहान मुलं आणि खालचे आवाज कॉलेजात शिकणाऱ्यांचे, त्यामुळे ते असं तरुण ऐकू येतं. कॅथीड्रलांत मात्र खालचे आवाज मोठ्या माणसांचे, त्यांना ले क्लर्क म्हणतात, कोणी दिवसा शिकवतो, कोणी ऑफिसात जातो आणि संध्याकाळी येऊन गातो.

किंग्ज छान आहे, पण आजूबाजूला निम्मे लोक आमच्यासारखेच बघायला आलेले, कोणीतरी मोबाइल काढतंय, कोणीतरी त्याला दटावतंय. खरं सांगायचं तर एकच संध्याकाळ हातात असेल तर मी ईलीला जा म्हणेन.

केंब्रिजहून ईली गाडीने पाव तासाच्या आसपास. सगळा भाग ताटासारखा सपाट, पूर्वीची दलदल, आणि त्यात हे कॅथीड्रल गाडीतूनच दिसायला लागतं, म्हणून लोक त्याला दलदलीतलं जहाज म्हणतात. स्टेशनवरून चालत पंधरा-वीस मिनिटं, थोडा चढ आहे, आईचे गुडघे धरून पंचवीस. आधी जाऊन ऑक्टॅगन बघून घ्या. १३२२ मध्ये मधला बुरुज कोसळला, त्या भगदाडावर ह्यांनी कंदिलासारखा अष्टकोनी लाकडी मनोरा चढवला, वरून उजेड पडतो. जवळच क्रॉमवेलचं घर आहे, राजाविरुद्ध लढून राजेशाही उलथवणारा तोच. हा इथेच राहायचा, आणि १६४४ च्या जानेवारीत हाच माणूस चालू प्रार्थनेत आत घुसला आणि गाणं बंद पाडलं, पाद्रीला म्हणाला हा मूर्खपणा सोडा आणि खाली या. पुढे देशभरचे क्वायर बंद. १६६० मध्ये राजा परतला तेव्हा राजाच्या चॅपलमध्ये वरचा आवाज लावायला शिकलेली पोरंच नव्हती, तर काही काळ ती ओळ कॉर्नेट नावाच्या वाद्यावर वाजवून वेळ निभावली. एक पिढी गाळली की काय होतं बघा. हे घर बघून मग साडेपाचला आत गेलात तर ऐकण्यात फरक पडतो, मला तरी पडला.

आम्ही मोजून बावीस जण होतो. क्वायरच्याच बाकांमागे बसवलं, चौदाव्या शतकातले बाक, बसायची फळी वर उचलली की खाली एक छोटी कोरीव पाटी निघते, उभं राहून थकलेल्या साधूंना हळूच टेकायला. आईने ती उचलून बघितली आणि फळी धाडकन हातातून सुटली. सगळं कॅथीड्रल वळून बघतंय असं मला वाटलं. शेजारच्या आजी हसल्या आणि पुस्तकाचं पान काढून दिलं.

मग हातात काठी घेतलेला माणूस पुढे आणि मागे क्वायर. आई कानात म्हणाली, चोपदार आहे वाटतं. इंग्रजीत त्याला व्हर्जर म्हणतात पण आईचा शब्द जास्त बरोबर. त्या दिवशी मुलींचा क्वायर होता. हे शेकडो वर्षं मुलग्यांचंच काम, १९९१ मध्ये सॉल्सबरीने कॅथीड्रलचा पहिला मुलींचा क्वायर उभा केला आणि मग हळूहळू बाकीच्यांनी.

सगळ्यात जास्त ऐकण्यासारखं म्हणजे साम, बायबलमधली स्तोत्रं. ते म्हणायची पद्धत अशी की दहा सुरांची छोटीशी चाल, ओळीत शब्द कितीही असोत, एका सुरावर बोलल्यासारखे म्हणत जायचं आणि शेवटच्या थोड्या अक्षरांवर चाल वळवायची. ताल नाही, शब्द चालतील तसं. वीसेक माणसं, हात हलवणारा असा नसल्यासारखाच, आणि एकही अक्षर पुढेमागे होत नाही. एक ओळ ह्या बाजूने, पुढची समोरच्या बाजूने. दक्षिणेकडचे डीकॅनी, उत्तरेकडचे कँटोरिस. आई बराच वेळ मान एकदा इकडे एकदा तिकडे करत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, हरिपाठाला आपण समोरासमोर उभे राहतो तसंच की रे, फक्त ह्यांना टाळ नाहीत म्हणून चुकायला जागा नाही.

मॅग्निफिकाट स्टॅनफर्ड ह्या संगीतकाराचं होतं, जी ह्या पट्टीतलं. त्यात ऑर्गन चरखा फिरल्यासारखा भरभर वाजतो आणि वर एकच मुलगी गाते. बोटाला बँड-एड लावलेली एक मुलगी, काही विशेष न करता उभी राहून गायली, माझ्या अंगावर काटा, आणि पुढच्या वाचनाला खाली बसून तिने मस्त जांभई दिली. तिच्यासाठी तो साधा वीकडे होता. उद्या परत यायचंय, नवीन काहीतरी बसवायचंय, समोर बावीस असोत की दोनशे. हे आपल्यासाठी चाललेलं नाही, आपण फक्त तिथे असतो, मला ह्याचंच अप्रूप.

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीलाही जाऊन आलो. दिवसाचं तिकीट तीस पौंडांच्या घरात, इव्हनसाँग फुकट, पण त्या वेळी थडगी बघत फिरता येत नाही, थेट बसवतात आणि संपल्यावर बाहेर काढतात. संगीतकार पर्सेल ऑर्गनजवळच पुरलाय, १६९५ मध्ये, तो बघायचा हट्ट असेल तर तिकीट काढावं लागेल. गर्दी जास्त, मजा कमी, असं माझं मत. दादाला तेच सगळ्यात आवडलं.

आता जाणाऱ्यांसाठी उरलंसुरलं. धर्म कोणी विचारत नाही. प्रसादासारखं काही घ्यायचं नसतं, ते कम्युनियन नावाच्या वेगळ्या प्रार्थनेत, इव्हनसाँगमध्ये ते नाही, त्यामुळे अवघडायला होत नाही. कधी उठायचं कधी बसायचं ते शेजारच्यांकडे बघून करा. एका ठिकाणी सगळे अचानक वेदीकडे तोंड करून वळतात, घाबरू नका, श्रद्धेची कबुली म्हणतात तेव्हा. आपण फक्त शेवटचं हिम (सगळ्यांनी मिळून म्हणायचं भक्तिगीत), तेही असलं तर, गायचं, बाकी गप्प. टाळ्या अजिबात नाहीत. शेवटी ऑर्गनवाला जोरात वाजवतो तेव्हा लोक उठून जायला लागतात, तुम्ही बसून राहा, ते छोटं कॉन्सर्टच असतं. मे महिन्यातही आत गार पडतं, स्वेटर न्या. बाहेर पडताना कार्ड टॅप करायचं मशीन असतं, चार-पाच पौंड टाका, हा कारभार फुकटात चालत नाही. पोरं बरोबर असतील तर १५ तारीख टाळा, जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या क्रमाने जाणाऱ्या ठिकाणी त्या संध्याकाळी ७८ वं साम येतं, ७३ ओळींचं. भक्त लोक मुद्दाम त्याच दिवशी जातात म्हणा.

इंग्लंडला जाणं जमत नसेल तर बीबीसी रेडिओ थ्रीवर दर आठवड्याला कुठल्यातरी कॅथीड्रलचं इव्हनसाँग लागतं, १९२६ पासून. आणि मुंबईकरांनो, चर्चगेटला नाव ज्याच्यावरून पडलं ते फोर्टातलं सेंट थॉमस आहेच, १७१८ चं, आणि कॅथीड्रल शाळा १८६० मध्ये त्याच्याच क्वायरला पोरं मिळावीत म्हणून निघाली. आईला हे परतीच्या गाडीत सांगितलं. ती म्हणाली, मग एवढं लांब कशाला आणलंस, आणि डबा उघडला.