घरात कोणी आहे का?

परदेशातल्या सुट्टीपुरत्या भाड्याच्या घरांचे फोटो काढणाऱ्यांना मी मनापासून मानते. ज्या न्हाणीघरात हातातून साबण सुटला तर तो उचलायला वाकण्याआधी दार उघडावं लागतं, तेच न्हाणीघर फोटोत असं दिसतं की तिथे चार माणसांची बैठक आरामात व्हावी. आणि गंमत म्हणजे खोटं कुठेच काही नसतं. खिडकी आहे म्हणतात, तर खिडकी असते. तिच्यापुढे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत असते, पण भिंत नाही असं कोणी कबूल केलं होतं?

'तिसरा मजला, लिफ्ट नाही' हेही स्वच्छ लिहिलेलं असतं. आता बार्सिलोनाच्या काही जुन्या इमारतींत तळमजल्यावर 'एंत्रेस्वेलो' नावाचा एक मजला, त्याच्यावर 'प्रिंसिपाल' नावाचा दुसरा आणि मग कुठे पहिला मजला सुरू होतो. म्हणजे कागदावरचा तिसरा मजला गुडघ्यांच्या हिशेबाने पाचवा. बॅगा वर नेताना नवरा प्रत्येक मजल्यावर "आलं का?" विचारत होता आणि मी प्रत्येक मजल्यावर "आलंच" म्हणत होते. संसार असाच तर चालतो म्हणा.

पण जिने, भिंती, न्हाणीघरं हे सगळं मी सोडून देईन. माझी खरी कुरकुर वेगळी आहे. या घरांत घरातलं कोणी नसतं.

पोहोचल्यावर दार उघडायला माणूस येत नाही. फाटकाच्या गजांना, आत घराची किल्ली ठेवलेल्या, आकड्यांच्या कुलपाच्या डब्या द्राक्षांच्या घोसासारख्या लटकलेल्या असतात, त्यातली आपली कोणती ते मोबाइलच्या उजेडात शोधायचं. मालकाचा निरोप असतो, "काळी डबी." सगळ्याच काळ्या असतात. रोममध्ये २०२४ साली अशा घरांच्या विरोधातल्या काही कार्यकर्त्यांनी रात्री हिंडून अशा डब्या निकामी केल्या आणि तिथे रॉबिन हूडच्या टोप्या अडकवून ठेवल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात इटलीच्या गृहखात्याने पाहुण्याची ओळख समक्षच पटवून घ्या असं फर्मावलं. पुढे त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. सरकारचं कारण सुरक्षेचं होतं. मला आपलं वाटलं, ओळख पटवायला का होईना, माणूस तर येईल! वॉशिंग मशीनवरची कुठली खूण कशाची, हे त्याला विचारता तरी येईल.

कारण एका घरात ते मशीन आमचे ओले कपडे पोटात घेऊन दार लावून बसलं होतं. मालकाला निरोप पाठवला. उत्तर तत्काळ आलं आणि अगदी गोड: "तुमचा मुक्काम आनंदाचा होवो. आणखी काही मदत लागली तर जरूर कळवा." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच, शब्दाचाही फरक नाही. तिसऱ्यांदा मी मुद्दाम फक्त "बरं" एवढंच लिहिलं. आमचा मुक्काम आनंदाचा होवो, असं उत्तर आलं. ज्याचा हसरा फोटो पाहून आम्ही घर ठरवलं तो गृहस्थ बहुधा शांत झोपला होता आणि त्याच्या वतीने एखादं यंत्र दुसऱ्या यंत्राची तक्रार ऐकून घेत होतं. कपडे सकाळी मशीननेच आपणहून परत केले.

कोणी राहत नसलेलं घर स्वयंपाकघरात लगेच ओळखू येतं. वाइनचे ग्लास ढीगभर, सुरी एकच आणि तीही लोण्यापलीकडे काही न कापणारी. मीठ नाही. जिथे कोणी रोज रांधतं तिथे मीठ नाही, असं होऊच शकत नाही. एका कपाटाला कुलूप. भिंतीवर मात्र 'हे घर आहे' अशा अर्थाची मोठ्या अक्षरांतली पाटी. न जाणो, पाहुण्याला शंका यायची.

निघायच्या दिवशी लॅमिनेट केलेला कागद हाती येतो. चादरी काढून ठेवा, भांडी घासा, कचरा रंगांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाका आणि दहाच्या आत बाहेर पडा. कंबर धरून हे सगळं उरकल्यावर आठवतं की सफाईचे पैसे आपण आगाऊ भरलेत. तेही घर ठरवताना वेबसाइटच्या पहिल्या पानावर दिसले नव्हते, शेवटच्या पानावर उगवले होते. अमेरिकेत मे २०२५ पासून हे चालत नाही, अशा सक्तीच्या आकारांसकट एकूण रक्कम आधीच दाखवावी लागते. पैसे घेतल्यावर झाडू कोणी मारायचा, याबद्दल नियम गप्प आहे.

आणि तरीही अशा घरांबद्दल वाईट लिहिलेलं फारसं सापडत नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एअरबीएनबी या अशी घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या वेबसाइटवरची सहा लाखांहून अधिक घरं तपासली, तर जवळपास ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच तारे निघाली. हॉटेलला नावं ठेवताना हात अडखळत नाही. इथे समोर एक नाव असतं, हसरा चेहरा असतो आणि मुख्य म्हणजे तोही आपल्याला गुण देणार असतो. मग माणूस लिहितो, "जागा छान, स्टेशन जवळ."

त्या गुडघेफोड जिन्यावर शेजारच्या दारात एक आजीबाई भेटल्या होत्या. मी नमस्कारादाखल हसले. त्यांनी आधी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि दार लावून घेतलं. तेव्हा राग आला. मग विचार केला, दर आठवड्याला नवा शेजारी असेल तर कितीजणांना हसून दाखवायचं? त्यांच्याही शेजारच्या घरात कोणी नव्हतंच की. अडीअडचणीला दार वाजवावं तर आत आमच्यासारखं कोणीतरी, मीठ शोधणारं! बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोलबोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातल्या पर्यटकांच्या १०,१०१ घरांचे परवाने पुन्हा द्यायचे नाहीत, नोव्हेंबर २०२८ पर्यंत ती बंद. पर्यटक म्हणून मी हिरमुसायला हवं होतं. आजीबाई आठवल्या की धड हिरमुसताही येत नाही.

मुळात हे प्रकरण सुरू झालं होतं ते अगदी उलट. ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन मित्रांना घरभाड्याला पैसे कमी पडत होते. शहरात डिझाइनची परिषद होती, हॉटेलं भरलेली. त्यांनी आपल्याच राहत्या घरात हवेच्या गाद्या अंथरल्या आणि तीन अनोळखी पाहुणे ठेवून घेतले, त्यातला एक भारतीय तरुण. गाद्या जेमतेमच असणार, पण मीठ कुठे आहे हे विचारायला माणूस होता. त्यातूनच पुढे एअरबीएनबी उभी राहिली.

आता न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नियम लावलाय: ३० दिवसांहून कमी मुक्कामाला कोणी ठेवायचं असेल तर घरात राहणाऱ्याने त्या काळात स्वतः तिथेच राहायचं आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. थोडक्यात, फिरून फिरून सगळं परत त्या हवेच्या गादीवर आलं. फक्त या हिशेबाने त्या पहिल्या तिघांपैकी एकाला जिन्यात झोपावं लागलं असतं.