काचेवरून परत येणारा चेंडू

आज संध्याकाळी अंधेरीत पॅडेल हा टेनिससारखा रॅकेटचा खेळ खेळून आले. खांदा भरून आलाय, पण मन अजून कोर्टवरच आहे.

गुण टेनिससारखेच मोजायचे, पण कोर्ट लहान, २० बाय १० मीटर, भोवती काच आणि जाळी. रॅकेटला तारा नाहीत, भोकं पाडलेली जाड फळीच असते. सर्व्हिस कमरेखालूनच करायची, त्यामुळे नवख्यालाही पहिल्याच दिवशी रॅली खेळता येते. खरी मजा काचेची. टप्पा पडून चेंडू मागे जातो, वाटतं गेला पॉइंट, आणि तो काचेवर आपटून पुन्हा आपल्याच पुढ्यात येतो! समोर साठी ओलांडलेले एक काका होते, गुडघ्याला पट्टा बांधलेले. चेंडू काचेवरून येईपर्यंत शांत उभे राहायचे आणि मग असा उंच, डोक्यावरून जाणारा लॉब टाकायचे की आम्ही दोघी मधल्या नेटपासून मागे धावत सुटायचो. काय सुंदर खेळले!

१९६९ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोत एनरिके कोर्कुएरा यांनी आपल्या घरी पहिलं कोर्ट बांधलं. मग स्पेन आणि अर्जेंटिनानं हा खेळ डोक्यावर घेतला, आता मुंबई-पुण्यातही कोर्टं उभी राहतायत.

चार माणसं लागतात, म्हणून ओळखी आपोआप होतात. मात्र तासाचं भाडं चौघांत वाटूनही कॉलेजच्या मुलांना जड जातं. महापालिकेच्या क्रीडासंकुलांत एकेक कोर्ट व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

रविवारी सकाळी आम्हाला चौथा भिडू हवाय. रॅकेट मी देईन. कोण येतंय?