मिठाला ऊन लागतं

आमचं घर गोव्यात आगरवाड्याला, शापोरा नदीकाठी. बाबा मिठागरात राबायचे. 1986 साली मी नववीत होतो. 'विद्राव्यता' हा धडा चालू असताना मी सरांना विचारलं, "सर, तापलेलं द्रावण गार झालं की स्फटिक पडतात म्हणता, मग आगरातलं पाणी रात्री गार होतं तेव्हा मीठ का पडत नाही?"

सरांनी वर्गात उत्तर दिलं नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मला प्रयोगशाळेत थांबवून घेतलं आणि चंचुपात्रात 20 ग्रॅम सोरा (म्हणजे पोटॅशियम नायट्रेट), 5 ग्रॅम मीठ आणि चमचाभर वाळू एकत्र केली. "आता वेगळं कर."

25 मिलिलिटर पाणी घालून मी ते तापवलं. सोरा आणि मीठ विरघळलं, वाळू तळाशी राहिली. गाळायला घेतलं आणि तिथेच अडलं. नरसाळं गार होतं, त्यामुळे त्याच्या दांडीतच सोरा गोठून बसला आणि धार बंद पडली. सरांनी नरसाळ्यावर उकळतं पाणी ओतलं, ते गरम असतानाच पुन्हा गाळायला लावलं. आज औषधांच्या कारखान्यात काम करताना मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच दाखवतो.

गाळलेलं द्रावण आम्ही विहिरीच्या पाण्याच्या परातीत ठेवलं. थोडा वेळ काही दिसलं नाही. मग काचेच्या कडेपासून एक बारीक सुई आत सरकली, तिच्या बाजूला दुसरी. बघता बघता पात्र सुयांनी भरलं. मीठ मात्र पाण्यातच राहिलं.

तेव्हा सरांनी फळ्यावर आकडे लिहिले. 100 मिलिलिटर पाण्यात 20 अंशांना सोरा सुमारे 32 ग्रॅम विरघळतो, उकळत्या पाण्यात 245 च्या आसपास. मीठ? 36 वरून जेमतेम 39. "गार केलंस तरी मीठ पाणी सोडणार नाही. पाणीच उडून जायला हवं. म्हणून तुझ्या वडिलांना ऊन लागतं."

समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, हेही त्यांनीच सांगितलं. पाणी आटत जातं तसा आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा एक क्षार, खाली बसतो, मग मीठ धरतं. मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात. ते कडू पाणी बाबा वाफ्यातून का काढून टाकतात, हे मला त्या दिवशी कळलं. बाबांना ते आधीपासून माहीत होतं, फक्त त्यांच्याकडे त्याला मॅग्नेशियम हे नाव नव्हतं.

त्या सुया सरांनी चमचाभर गार पाण्याने धुतल्या, वाळवल्या आणि कागदाच्या पुडीत बांधून मला दिल्या. तोंडात घालायच्या नाहीत, असं बजावून. संध्याकाळी बाबा आगरातून आले, पायांना अजून चिखल होता. मी पुडी उघडून कंदिलाजवळ धरली. त्यांनी एक सुई चिमटीत घेतली, उजेडात फिरवून बघितली. त्यांच्या मिठाचा प्रत्येक दाणा चौकोनी.

"हें मीठ न्हय," ते म्हणाले, आणि जपून परत पुडीत ठेवली.