पाच विजेते, चार जागा

जर्मन फुटबॉलमध्ये चौथ्या श्रेणीला रेगियोनाललिगा (प्रादेशिक लीग) म्हणतात. 2012 पासून तिचे पाच विभाग आहेत: उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैर्ऋत्य आणि बायर्न (बव्हेरिया राज्य). वरच्या तिसऱ्या लिगातून दरवर्षी चार संघ खाली येतात, म्हणजे वर जायला जागाही चारच. विजेते मात्र पाच. वर्षभर खेळून पहिला आलेला एक संघ दरवेळी तिथेच राहतो.

सध्याची पद्धत अशी: पश्चिम आणि नैर्ऋत्य विभागांचे विजेते थेट वर, कारण तिथे संघांची संख्या जास्त. उरलेल्या तिघांपैकी एकाला आळीपाळीने थेट बढती. 2023 मध्ये उत्तर, 2024 मध्ये ईशान्य, 2025 मध्ये बायर्न. बाकीचे दोघे एकमेकांच्या मैदानावर एकेक सामना खेळतात. दोन्ही सामन्यांचे गोल मिळून बरोबरी झाली तर जादा वेळ, मग पेनल्टी.

ईशान्य विभागातल्या लोकोमोटिव लाइपझिगने याची सर्वांत जास्त किंमत मोजली आहे. 2020 मध्ये फेर्लविरुद्ध घरी 2-2, बाहेर 1-1. एकही सामना न हरता ते बाद झाले, कारण परक्या मैदानावरच्या गोलांना तेव्हा जास्त वजन होते. 2025 मध्ये पुन्हा विभागाचे विजेते. हाफेल्झेविरुद्ध पहिला सामना 1-1, आणि परतीच्या सामन्यात घरच्या प्रेक्षकांसमोर जादा वेळेत 0-3. 34 सामन्यांची मेहनत दोन सामन्यांवर टांगायची, हा सरळ अन्याय आहे. ‘विजेता वर गेलाच पाहिजे’ ही तिथल्या क्लबांची मागणी शंभर टक्के रास्त आहे.

गुणतक्ता पाहून अंदाज बांधणारे आणखी एका ठिकाणी फसतात. तिसऱ्या लिगाच्या परवान्यासाठी अर्ज हंगाम संपण्याच्या बऱ्याच आधी करावा लागतो. स्टेडियम, प्रकाशझोत, आर्थिक हमी, सगळे तपासले जाते. 2020 मध्ये पश्चिम विभागात रोडिंगहाउझन आघाडीवर होता, पण त्याने अर्जच केला नाही. म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा फेर्ल लाइपझिगविरुद्धच्या लढतीत गेला (त्या वर्षी पश्चिमला थेट बढती नव्हती), आणि त्यालाही घरचे सामने पाडरबॉर्नला खेळावे लागले. हाफेल्झे 2021 मध्ये वर गेला तेव्हा हॅनोव्हरच्या मोठ्या स्टेडियमात खेळला आणि तळाला राहून वर्षभरातच परतला. छोट्या क्लबाला घरचे मैदान सोडावे लागले की तिकिटांचे उत्पन्न आणि गावचा आवाज दोन्ही जातात.

मोठ्या क्लबांचे दुसऱ्या फळीचे संघही याच लिगांत असतात. ते तिसऱ्या लिगाच्या वर जाऊ शकत नाहीत. 2023 मध्ये फ्रायबुर्गचा दुसरा संघ तिथे दुसरा आला, तरी बढती तिसऱ्या क्रमांकाच्या ओस्नाब्र्युकला मिळाली.

खालच्या लिगांत तर उतरणाऱ्यांचा आकडाच सरकता असतो. वरून पडलेला संघ आपापल्या भौगोलिक विभागात येतो. एकाच विभागात दोन-तीन संघ पडले तर जागा करण्यासाठी तिथून जास्त संघ खाली ढकलले जातात, त्यांच्यामुळे पाचव्या श्रेणीतून आणखी, आणि ही साखळी थेट जिल्हा लिगापर्यंत पोहोचते. त्यामुळे मे महिन्यात शेवटून चौथ्या संघाने स्वतःच्या सामन्याइतकेच दोन श्रेण्या वरच्या निकालांकडेही लक्ष ठेवावे.