थीम पार्कच्या दारातली झडती : कोल्हापूरहून जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही नातेवाईक मंडळी दोन गाड्या करून कोल्हापूरहून पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या एका मोठ्या थीम पार्कला गेलो. सोबत शाळकरी मुले होती, दोन आज्या होत्या आणि एक तान्हे बाळ होते. तिकिटे घरूनच ऑनलाइन काढली होती आणि त्यांवर ‘आपल्या सुरक्षिततेसाठी प्रवेशद्वारावर तपासणी केली जाईल’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. एवढ्या गर्दीच्या ठिकाणी तपासणी असलीच पाहिजे, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. परंतु त्या दारात माणसांची तपासणी झालीच नाही. झाली ती जेवणाच्या डब्यांची.

रस्त्याविषयी थोडक्यात सांगतो. अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. पहाटे २ वाजता कावळा नाक्यावरून निघावे, खंबाटकी घाट अंधारातच ओलांडावा, म्हणजे पुण्याच्या बाहेरची वाहनांची कोंडी लागत नाही. सातारच्या अलीकडे आम्हाला रुंदीकरणाच्या कामामुळे बरीच वळणे लागली आणि तिथले फलक रात्री अगदी जवळ गेल्यावरच दिसतात, म्हणून त्या पट्ट्यात वेग आवरावा. एवढे पाळले तर नाश्ता करून ९ वाजता सहज पोहोचता येते.

दार १० वाजता उघडणार होते. साडेनऊलाच रांग वाहनतळापर्यंत आली होती. धातुशोधक चौकटी सहा उभ्या होत्या, पण त्यांतल्या दोनच चालू होत्या. रांगेवर छप्पर नव्हते आणि पाण्याची सोयही नव्हती. आत पाऊल टाकायला आम्हाला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात मी त्या दोन चौकटींकडेच पाहत होतो. किल्ल्या, कमरेचा पट्टा, मोबाइल, बांगड्या, काहीही असले तरी चौकट वाजत होती आणि वाजल्यावर कोणालाही थांबवले जात नव्हते. हातात धरायचा डिटेक्टर शेजारच्या खुर्चीवर पडून होता. चौकटीच्या पलीकडे मात्र एक लांब टेबल होते आणि त्यावर चार जण प्रत्येक पिशवी तळापर्यंत उपसत होते. भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी असे सारे बाजूला काढले गेले. “काका, हे आत चालत नाही. गाडीत ठेवून या, नाहीतर इथं टाका,” असे सांगून त्या मुलाने शेजारच्या पिंपाकडे बोट दाखवले. गाडी लांब होती आणि परतल्यावर रांग पुन्हा शेवटापासून धरावी लागणार होती. आजींनी रात्री जागून केलेल्या दशम्या त्या पिंपात गेल्या. बाळासाठी उकळून आणलेले पाणीसुद्धा वाद घातल्यावरच सुटले. एवढ्या कसोशीच्या झडतीतून आमच्या एका भाच्याच्या खिशातली फळे कापायची घडीची सुरी मात्र सुखरूप आत गेली. चौकट वाजली होती, पण त्याला कोणी विचारले नाही, आणि सुरी खिशात राहिल्याचे त्यालाही आतच कळले.

अशी चौकट अंगावर धातू आहे एवढेच सांगते. तो धातू किल्लीचा आहे की सुरीचा, हे ठरवायला वाजल्यानंतर माणसाला बाजूला घेऊन हातातल्या डिटेक्टरने पुन्हा पाहावे लागते. खिसे आधीच ट्रेमध्ये रिकामे करून घेतले तर चौकट क्वचितच वाजते आणि मग प्रत्येक वाजण्याला अर्थ येतो. स्त्रियांची तपासणी करायला स्त्री कर्मचारी आणि आडोसा लागतो. यातले काहीही नसेल तर चौकट उभी करून रांग लांबण्यापलीकडे काही साधत नाही. दुपारी जेवणासाठी बाहेर पडून परत आलो तेव्हा तर दोन्ही चौकटी बंद होत्या, टेबल मात्र चालू होते.

तपासणीच निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत पिशव्या तपासणे २००१ च्या हल्ल्यांनंतर सुरू झाले आणि डिसेंबर २०१५ मध्ये डिस्ने, युनिव्हर्सल व सीवर्ल्ड या तिन्ही पार्क-कंपन्यांनी दारात धातुशोधक बसवले. जून २०१६ मध्ये ऑर्लँडोच्या नाइट क्लबमध्ये ४९ जणांना मारणारा बंदूकधारी त्याआधी डिस्नेच्या खरेदी-संकुलात हल्ला करण्याच्या बेतात होता आणि पोलीस दिसल्यामुळे त्याने जागा बदलली, असे सरकारी वकिलांनी पुढे न्यायालयात मांडले. याचा अर्थ सावध माणसे नजरेस पडणे हाच मोठा धाक असतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये एका संगीत कार्यक्रमाच्या वेळी २२ मे २०१७ रोजी बाँब फुटला तो प्रेक्षागृहात नव्हे, तर तपासणीच्या कक्षेबाहेरच्या दालनात, कार्यक्रम संपून लोक बाहेर पडत असताना, आणि २२ जण गेले. दाराशी माणसे कोंडून ठेवणारी तपासणी धोका आतून काढून दाराबाहेर आणून ठेवते. आपल्याला यासाठी परदेशाचा दाखलाही नको. याच रस्त्यावरून दिसणाऱ्या वाईच्या डोंगरांत, मांढरदेवीला, २५ जानेवारी २००५ रोजी अडीचशेहून अधिक भाविक चेंगराचेंगरीत आणि आगीत गेले. तिथे कोणी शस्त्र आणले नव्हते, वाट अरुंद होती आणि पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या.

कोल्हापूरकराला झडतीचे नवल नाही. अंबाबाईच्या देवळात जाताना आपण चौकटीतून जातोच आणि नवरात्रात तर तासन्‌तास रांगेत उभे राहतो. तिथे महाद्वार, घाटी दरवाजा, पूर्व दरवाजा आणि दक्षिणेकडचा दरवाजा अशा चार वाटा आहेत, त्यामुळे गर्दीला पांगायला जागा मिळते. त्या पार्कात हजारो माणसांसाठी एकच दार होते आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे होते. मध्येच कोणाला भोवळ आली असती तर बाहेर काढायला वाट नव्हती.

डब्यांबद्दल कायदा काय सांगतो हे जाण्यापूर्वी माहीत असू द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी चित्रपटगृहांच्या प्रकरणात असा निर्णय दिला की खासगी जागेचा मालक बाहेरचे खाद्यपदार्थ रोखू शकतो, मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत ठेवले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांनी आणलेले बेताचे अन्न अडवता येणार नाही. निर्णय चित्रपटगृहांपुरता असला तरी दारात बाळाच्या पाण्यासाठी वाद घालताना मला तोच कामी आला. पार्कवाल्यांना आतली उपाहारगृहे चालवायची असतील तर त्यांनी ‘बाहेरचे खाणे आणू नये’ असे तिकिटावर तितक्याच ठळक अक्षरांत छापावे. सुरक्षिततेचे नाव घेऊन केळी जप्त करू नयेत. आत २० रुपये छापील किमतीची पाण्याची बाटली टपरीवर ५० रुपयांना घ्यावी लागली. बसून खाण्याच्या हॉटेल-रेस्टॉरंटांना छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिली आहे, परंतु उघड्यावरच्या टपरीला ती सरसकट लागू होते असे मी मानत नाही. पावती मागून घ्यावी आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मी नोंदवली आहे.

राइड उत्तम होत्या, मुले खूश होती, त्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते हे की आपल्या देशात अशा ठिकाणी माणसे गेली ती प्रामुख्याने आतल्या हलगर्जीपणामुळे. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी आग लागून २७ जण गेले आणि त्या जागेला अग्निशमन दलाचा ना हरकत दाखलाच नव्हता. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी क्षमतेपेक्षा जास्त भरलेली बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. अहमदाबादच्या कांकरियात २०१९ मध्ये चालू पाळणा तुटला. दारातली कोणतीही चौकट यातले काहीही थांबवू शकली नसती. म्हणून आपली तपासणी आपणच करावी. खांद्यावरचा पट्टा किंवा मांडीवरचा दांडा बसवल्यावर कर्मचारी तो हाताने ओढून पाहतो का, हे आधीच्या फेरीच्या वेळी बाजूला उभे राहून बघावे. आम्हाला एका राइडवर प्रत्येक पट्टा ओढून पाहणारी मुलगी दिसली आणि दुसरीवर नुसती नजर टाकून बटण दाबणारा माणूस दिसला, त्या दुसऱ्या राइडवर आम्ही मुलांना बसू दिले नाही. उंचीच्या पट्टीत मूल बसत नसेल तर विनवण्या करू नयेत. लाटांच्या तलावात उतरण्यापूर्वी जीवरक्षक पाण्याकडे पाहत आहे की मोबाइलकडे, हे पाहावे. बंदिस्त खेळांच्या दालनात शिरताना बाहेर पडायचे दुसरे दार कुठे आहे ते विचारावे. दाखवता आले नाही तर आत जाऊ नये.

माझा सल्ला असा की शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार धरावा. शनिवारीच जाणे भाग असेल तर एका मोठ्या माणसाने रिकाम्या हातांनी रांग धरावी आणि आज्या-मुलांना सावलीत बसवून शेवटच्या वळणावर बोलवावे. डबा गाडीतच ठेवावा. आत शिरतानाच हातावर शिक्का मारून घ्यावा. तो असला तर जेवायला बाहेर जाऊन परत येता येते आणि दुपारी २ च्या सुमारास दाराशी रांग नसते. बाळाचे अन्न वेगळ्या पिशवीत, सर्वांत वर ठेवावे. गाडी चालवणाऱ्याने दिवसभर राइड घेऊ नयेत, जेवल्यावर गाडीतच दोन तास झोपावे, आणि संध्याकाळी ७ पर्यंत निघता आले नाही तर सरळ तळेगावला मुक्काम करावा.