तुम्ही विचारलंत म्हणून : दोन एकमेक

इस्तंबूलहून येऊन आता बरीच वर्षं झाली. तरी लग्नात, बारशात, अगदी आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या देवळात दर्शनाच्या रांगेत उभं असतानासुद्धा कुणी ना कुणी विचारतंच, "दहा दिवस दुसऱ्याच्या घरी राहिलात म्हणे? अवघड नाही वाटलं? त्यापेक्षा टूरने गेला असतात, पाच-सहा देश तरी झाले असते." विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. लेकीच्या घरीसुद्धा तिसऱ्या दिवशी पिशवी भरायला घेणारी आपण माणसं. म्हणून एकदा नीट सांगते.

वाटलं. पहिले दोन दिवस फारच अवघड वाटलं.

मैत्रीण माझी शाळेपासूनची, एका बाकावरची. तिचे यजमान सुताच्या व्यापारात, नोकरीने त्यांना तिकडे नेलं. दर दिवाळीला फोनवर ती म्हणायची, "या की एकदा." आणि मी म्हणायची, "येऊ गं." आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा लहानसा कारखाना. माग हे बघतात, शिलाई आणि चेकिंग माझ्याकडे. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस सोडले तर आम्ही आपणहून माग कधी बंद ठेवले नव्हते. 2018 च्या दिवाळीला ती म्हणाली, "येताय, का नुसतंच म्हणताय?" त्या प्रश्नाने मी गप्प झाले. दुसऱ्या दिवशी यांनी पासपोर्टची चौकशी केली.

18 एप्रिल 2019 ला सोलापुरात लोकसभेचं मतदान होतं. सकाळी मत दिलं, रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई. बॅगेत दोन किलो शेंगाचटणी आणि कडक भाकरी. भाकरी मोडू नयेत म्हणून आमच्याच टॉवेलांच्या घड्यांत ठेवल्या होत्या. इथे उन्हाने डांबर पातळ होत होतं, आणि तिथे उतरल्यावर यांनी पहिल्यांदा काय केलं तर बॅगेतून शाल काढून पांघरली.

घर कादिकॉयला, म्हणजे शहराच्या आशियाकडच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. दारातच चपला काढायच्या आणि पाहुण्याला घरातल्या सपाता द्यायच्या, ही तिकडची रीत. त्या सपाता घालून आम्ही दोघं दोन दिवस सोफ्यावर बसलो. मला तिचा फ्रीज उघडवेना. यांना दुधाचा चहा हवा असायचा, पण मागवेना. मैत्रीण रजा काढून आमच्याबरोबर बसलेली, तिच्या मुलांचा अभ्यास खोळंबलेला. रात्री हे मला हळूच म्हणाले, "आपण हॉटेल बघायला पाहिजे होतं."

तिला ते कळलं असावं. दुसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर तिने यांच्या हातात पैसे ठेवले आणि म्हणाली, "भावजी, उद्यापासून सकाळी कोपऱ्यावरच्या भट्टीतून दोन एकमेक आणायचं काम तुमचं."

तुर्कीत पावाला म्हणतात 'एकमेक'. खरंच हाच शब्द. यांनी तो तीनदा म्हणून बघितला आणि तिसऱ्या वेळी चेहरा उजळला. सकाळी सातला हे भट्टीवर गेले ते कागदात गुंडाळलेले दोन गरम पाव काखेत धरून आले, आणि त्यानंतर घरात पाहुण्यासारखे बसलेच नाहीत. चौथ्या दिवशी भट्टीवाल्याने यांच्या बोटावरची शाई बघितली आणि खुणेनेच विचारलं. यांनी मत टाकल्याची खूण केली. तो हसला, छातीवर हात ठेवला. त्यांच्याकडेही 31 मार्चला निवडणूक झाली होती. त्या दिवसापासून हे दारात दिसले की तो न सांगता दोन पाव बांधायला घ्यायचा. दोघांत भाषा म्हणून एक तेवढा शब्द.

मला तिने ओटा दिला. "सकाळचा चहा तुझा," म्हणाली. दूध फ्रीजमधून मीच काढलं.

बघण्याच्या जागांचं विचाराल तर बघितल्या, मन भरून बघितल्या. रोज सकाळी कादिकॉयच्या धक्क्यावरून बोट धरायची आणि वीस-पंचवीस मिनिटांत एमिनोनूला, युरोपच्या बाजूला उतरायचं. तिकडची माणसं या बोटीने कामावर जातात. वरच्या डेकवर काचेच्या छोट्या, मधे बारीक झालेल्या पेल्यात बिनदुधाचा चहा मिळतो. तीळ लावलेलं कडं असतं, सिमित, त्याचे तुकडे लोक हवेत धरतात आणि समुद्रपक्षी उडता उडता उचलतात. हाया सोफियात आम्ही अर्धा दिवस होतो. ते 537 साली चर्च म्हणून बांधून झालं, पुढे त्याची मशीद झाली. आम्ही गेलो तेव्हा ते संग्रहालय होतं, 2020 मध्ये तिथे पुन्हा मशीद झाली. घुमटाखाली उभं राहिल्यावर मान आपोआप मागे जाते, ते फोटोत येत नाही. पण माझ्या लक्षात राहिला तो वरच्या सज्जात जायचा रस्ता. पायऱ्या नाहीत, वळत वळत जाणारा दगडी उतार आहे आणि तो पावलांनी झिजून गुळगुळीत झालाय. मी भिंतीला हात लावून चढले. इतक्या शतकांत माझ्यासारखा हात टेकवत किती जणी चढल्या असतील, असं मनात येत राहिलं. एमिरगानच्या बागेत ट्युलिपचे ताटवे बघितले. 23 एप्रिलला त्यांचा राष्ट्रीय सण आणि बालदिन असतो, त्या दिवशी खिडक्याखिडक्यांत लाल झेंडे होते.

जेवणाची काळजी यांना निघताना होती, कारण आमच्या घरात मांसाहार नाही. तिकडे मसुराचं सूप सगळीकडे मिळतं, मेरजिमेक म्हणतात, वर लिंबू पिळायचं. दुकानात ते कधी मटणाच्या पाण्यात करतात, म्हणून विचारून घ्यावं लागतं. घरी मैत्रीण साध्या पाण्यात करायची. यांनी पहिल्याच दिवशी त्यात कडक भाकरी चुरली. मैत्रीण बघत राहिली, मग स्वतःच्या वाडग्यातही चुरली आणि काही बोलली नाही. चार वर्षांनी खात होती ती. ताक तिकडेही पितात, मीठ घालून, त्याला आयरान म्हणतात.

पण खरं शिकले ते खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंकडून. मुलं त्यांना 'तेयझे' म्हणायची. तेयझे म्हणजे मावशी. आत्याला त्यांच्यात वेगळा शब्द आहे, 'हाला'. मामा वेगळा, काका वेगळा. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. त्या मावशींनी मला द्राक्षाच्या पानांची सारमा शिकवली. खारवलेली पानं धुवून घ्यायची, देठ खुडायचा. पान ताटलीत असं ठेवायचं की शिरांची बाजू वर येईल, अगदी अळूवडीसारखं. मधे चमचाभर भात, त्यात कांदा, पुदिना आणि ऑलिव्हचं तेल. दोन्ही कडा आत घ्यायच्या आणि करंगळीएवढी बारीक वळी करायची. माझी पहिली वळी अंगठ्यासारखी जाड झाली. त्यांनी ती उलगडली, अर्धा भात काढला आणि पान परत माझ्या हातात दिलं. माझ्या हातून बारीक वळी झाल्यावरच त्यांनी पातेलं पुढे सरकवलं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात द्राक्षाच्या बागा किती, आणि पान कधी खाल्लं नाही! मी त्यांना शेंगाचटणी दिली. त्यांनी ती पावाला लावून, वर पांढऱ्या चीजचा तुकडा ठेवून खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरा पाव घेतला. स्वयंपाक करणाऱ्याला तिकडे म्हणतात, 'तुमच्या हातांना आरोग्य लाभो.' त्यांनी माझे दोन्ही हात धरून ते म्हटलं. चटणी आईच्या हाताची होती. मी फोन करून आईला तसंच्या तसं सांगितलं.

त्यांच्यासाठी मी सोलापुरी चादर नेली होती. 'चादर' म्हटल्यावर त्या गोंधळल्या. त्यांच्या भाषेत 'चादर'सारखाच ऐकू येणारा शब्द आहे, त्याचा अर्थ तंबू. पलंगावर अंथरतात त्याला 'चारशाफ' म्हणतात, आणि तो शब्द फारसीतल्या 'चादरशब', म्हणजे रात्रीची चादर, यावरून आलाय. तंबू आणि पलंगपोस यांच्या मधे आमची चादर तीन माणसांच्या मांडीवर उलगडलेली, आणि मैत्रीण हसता हसता दोन्हीकडचं सांगतेय, असा तो दुपारचा तास गेला.

सुट्टीत टॉवेल कशाला बघायला गेलात, असंही लोक विचारतात. मैत्रिणीचे यजमान, त्यांना मी भावजी म्हणते, एका दिवशी कामासाठी बुर्साला निघाले होते, आम्हाला बरोबर घेतलं. बुर्सा रेशमाचं आणि टॉवेलचं जुनं गाव. तिथे कोझा हान आहे, म्हणजे व्यापाऱ्यांची जुनी सराई, 1491 मध्ये बांधलेली, 'कोझा' म्हणजे रेशमाचा कोष. चौकात झाडाखाली चहा पिताना भावजींनी सांगितलं, "वहिनी, तुमच्या टॉवेलचं माहेर हे." मला वाटलं गमतीने म्हणतायत. पण हेन्री क्रिस्टी नावाचे एक इंग्रज गृहस्थ 1840 च्या दशकात तुर्कस्तानात फिरायला आले, हातमागावरचा लूपचा, म्हणजे धाग्याचे बारीक फासे उभे असलेला, टॉवेल त्यांनी मायदेशी नेला, त्यांच्या गिरणीतल्या सॅम्युअल होल्ट यांनी तशा विणीचं यंत्र जुळवलं, आणि 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात तो टॉवेल मांडला गेला. पुढे तीच वीण जगभर गेली. आमच्या मागापर्यंत आली.

मग बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने टॉवेल हातात दिला तसा यांनी तो उलटा केला आणि आधी किनार बघितली. मी कोपऱ्याची शिलाई बघितली, मग उजेडाकडे धरून ओढलेला लूप कुठे आहे का ते. दुकानदार आमच्याकडे बघत राहिला आणि त्याने विकायचं सोडून स्टूल पुढे केलं. टेरी टॉवेलला, म्हणजे या लूपच्या टॉवेलला, ताणे म्हणजे उभ्या धाग्यांचे संच दोन लागतात. एक ताठ, कापड धरून ठेवणारा, आणि दुसरा ढिला. आडवे धागे जरा अंतर ठेवून पडतात, तिसरा पडला की फणी तिन्हींना एकदम पुढे ठोकते, आणि ढिल्या ताण्याचे लूप उभे राहतात. हे यांनी टेबलावर बोटं मांडून दाखवलं. दुकानदाराने मान हलवली आणि स्वतःची तीन बोटं यांच्या बोटांशेजारी ठेवून तसाच ठोका दिला. टक. आमच्या घरात तो आवाज एवढ्या वर्षांचा आहे. निघताना मी मावशींनी शिकवलेलं म्हटलं, "कोलाय गेलसिन." काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना तिकडे हे म्हणतात, तुमचं काम सोपं होवो. आता कारखान्यात शिलाईच्या बायकांना मी ते मराठीतून म्हणते.

तुमच्या प्रश्नाचं व्यवहारातलं उत्तरही देते, कारण काही जणांना खरंच जायचं असतं. तारखा आम्ही बऱ्याच आधी सांगितल्या होत्या, तिच्या मुलांच्या परीक्षा बघून. राहण्याचे पैसे देऊ केले असते तर ती दुखावली असती, म्हणून भाजी-किराणा आम्ही भरला आणि ते पहिल्याच आठवड्यात बोलून घेतलं. एक दिवस मुद्दाम सकाळी जाऊन रात्री आलो, त्यांचं घर त्यांना मिळावं म्हणून. माझी जाऊ टूरने युरोप बघून आली, तीही आनंदात आली. ज्यांच्याकडे हक्काची माणसं नाहीत त्यांनी टूरनेच जावं. पण माणसं असतील आणि ती मनापासून बोलावत असतील, तर काम मागून घ्या. पाव आणायचं असो की चहा करायचं.

निघायच्या दिवशी पहाटे मैत्रिणीने आमच्या हातावर दही ठेवलं. खाली टॅक्सी उभी होती. मावशी थंडीत गाऊनवर शाल घेऊन दारात आलेल्या, हातात पाण्याचा तांब्या. मला वाटलं वाटेत पिण्यासाठी दिलं. टॅक्सी हलली तसं त्यांनी ते सगळं पाणी आमच्या मागे रस्त्यावर ओतलं. भावजी पुढे बसले होते, म्हणाले, "पाण्यासारखे जा आणि पाण्यासारखे परत या, असं म्हणतात ते." मी मागच्या काचेतून बघत होते. मैत्रीण दोन्ही हातांनी तोंड पुसत होती आणि मावशी रिकामा तांब्या धरून उभ्या होत्या. भट्टीचं दार उघडं होतं. यांनी काच खाली केली आणि हात हलवला.